सोळा तासांची कॉफी

डेल्मा मारुशिच माझी शेजारीण. एकोणतीस वर्षांची. म्हणजे शेजार एकोणतीस वर्षांचा, डेल्मा एकसष्टची. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे आणि त्याला एक छोटं फाटक. ते आजवर कधी नीट लागलेलं नाही, आणि लावायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही.

ती आमच्या मरीबा गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. पहाटे साडेपाचला निघायचं, भोपळा शिजवून घोटायचा, मटण इतकं बारीक करायचं की दात नसलेल्यालाही गिळता यावं, आणि दुपारी पावणेतीनला घरी. आल्याआल्या बूट व्हरांड्यात भिरकावून द्यायचे आणि मोठा ग्लासभर गार कॉफी घेऊन पायरीवर बसायचं. ऑक्टोबरात इथलं ऊन माणसाला भाजून काढतं. गरम कॉफीचं नाव काढायची सोय नसते. मला हाक यायची, "नोला, येतेस की सगळी मीच संपवू?" मी फाटकातून जायची.

ती कॉफी म्हणजे त्या घरातला एक नेमच होता. डेल्माचा नवरा स्टिपे तीस वर्षं गावाबाहेरच्या कॉफीच्या मळ्यावर यंत्रं दुरुस्त करायचा. तो निवृत्त झाला तरी मळ्यावरून त्याला बारीक, फुटक्या बियांचं पोतं अजून येतं. डेल्मा त्या भाजायची आणि भरड दळायची. रव्यापेक्षा जाड, कुटलेल्या मिऱ्यांसारखी. एक वाटी कॉफी, आठ वाट्या पाणी, काचेच्या बरणीत, वर बशी. संध्याकाळी चार वाजता ओट्यावर ठेवून द्यायची. सकाळी आठला स्टिपेनं ती मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. सोळा तास. ना कमी, ना जास्त.

"मी निघतानाच गाळून गेले तर काय बिघडेल?" तिनं एकदा त्याला माझ्यासमोर विचारलं होतं.

"साडेतेरा तासांत काय होतंय? आंबट पाणी पिशील," स्टिपे म्हणाला. "घरात मला तेवढं एकच काम दिलंयस. ते तरी नीट करू दे."

त्याचे आईवडील क्रोएशियातून तंबाखूच्या शेतीसाठी इथं, ऑस्ट्रेलियात, आले होते. माणूस कमी बोलणारा. बोलला तर असं काहीतरी.

त्यांना एकच मुलगा, डॅमिर. तो बायको लिओनीबरोबर खाली समुद्रकाठी, केर्न्समध्ये राहतो. घाट उतरून सव्वा तास. पण तीन वर्षं त्याचं आणि डेल्माचं बोलणं बंद होतं. तिथं नेमकं काय झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. "आजकालची पोरं हळवी झालीत," एवढंच म्हणायची, आणि ग्लासातला बर्फ जोरानं ढवळायची. डॅमिर स्टिपेला तरी फोन करतो का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

त्या ऑक्टोबरात एका मंगळवारी पहिला घोट घेऊन डेल्मानं तोंड वाकडं केलं.

"कडू झालीय."

मी प्यायले. कडू होती खरी. कॉफीचा कडूपणा वेगळा. ही जिभेच्या मागच्या बाजूला लाकूड चघळल्यासारखी लागत होती.

"स्टिपे," तिनं आत हाक मारली, "किती वाजता गाळलीस रे?"

"आठ वाजता," आतून आवाज आला. "नेहमीसारखी."

"बियाच जळक्या असतील," मी म्हणाले.

बुधवारची चांगली होती. तीच भाजणी, तेच पोतं. गुरुवारी परत लाकूड. पुढच्या मंगळवारी परत. आणि आणखी एक गोष्ट डेल्माच्या ध्यानात आली. बाटली हवी तेवढी गार नसायची. आठपासून फ्रिजमध्ये असलेली बाटली हातात धरली की हात आखडायला हवा. ही धड गार ना कोमट अशी, आणि त्या दिवशी स्टिपे स्वतःहून तिच्या ग्लासात मूठभर जास्त बर्फ टाकायचा.

दुसरी कुणी असती तर तिनं नवऱ्याला सरळ समोर बसवून विचारलं असतं. डेल्मा तशी नाही. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेली बाई, तिनं आधी चव तपासायची ठरवली. शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता तिनं मुरंब्याच्या पाच रिकाम्या बाटल्या ओट्यावर मांडल्या आणि प्रत्येकीत तीच कॉफी, तेवढंच पाणी घातलं. शनिवारी तिला सुट्टी होती. सकाळी सहाला पहिली गाळली, आठला दुसरी, मग दहा, बारा आणि दोन. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून तास लिहिले. चौदा, सोळा, अठरा, वीस, बावीस.

स्टिपे शनिवारी सकाळी बोच्चे हा गोळे टाकायचा खेळ खेळायला क्लबात जातो. जाताना त्यानं ती रांग पाहिली.

"घरात प्रयोगशाळा काढलीस का?"

"चव बघतेय. किती तासांनी काय होतं ते."

"सोळाच बरे असतात. मी सांगतो ना." त्यानं टोपी घातली, मग परत काढली. "एवढं कशाला त्याचं?"

"तू जा, तुझा खेळ चुकेल," ती म्हणाली.

दुपारी तिनं मला बोलावलं आणि पाच चमचे पुढे केले. चौदा तासांची पातळ, लिंबाच्या सालीसारखी आंबटसर, चव येते न येते तोच संपणारी. सोळाची आमची ओळखीची, गोडसर, मागून चॉकलेटसारखं काहीतरी रेंगाळणारी. अठराची अंगानं दाट, अजून चांगलीच. खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली, पण ती बोलायची वेळ नव्हती. विसाला गोडवा मागे पडला. बावीस तासांच्या बाटलीचा चमचा तोंडात घातला आणि मी डेल्माकडे पाहिलं.

"मंगळवारची," मी म्हणाले.

"मंगळवारची." तिनं चमचा ओट्यावर ठेवला. "म्हणजे तो आठला घरी नसतो, नोला. दीड-दोनच्या सुमाराला येऊन गाळतो. आणि मला सांगतो आठ."

त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणून गेले, "अगं, मंगळवार-गुरुवारी तो गाडी घेऊन जातोच की. तू गेलीस की मागोमाग, सहाला. मला वाटलं तुला माहीत असेल."

तिचा चेहरा असा झाला की जणू मीच तिला फसवलं होतं. "कधीपासून?"

"झाले दोनेक आठवडे."

"आणि तू मला आज सांगतेस."

"या वयात त्याचं काही लफडं असेल असं वाटतं का तुला?" मी हसवायचा प्रयत्न केला. "गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही त्याला."

ती हसली नाही. पाचही बाटल्या तिनं एकापाठोपाठ एक मोरीत ओतल्या, सोळाचीसुद्धा. अडतीस वर्षांत स्टिपे तिच्याशी खोटं बोलला नव्हता. हे ती मला पूर्वी अनेकदा अभिमानानं सांगायची, आणि त्या दिवशी दोघींनाही ते आठवत होतं.

पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखी कामाला गेली आणि नऊ वाजता डोकं दुखतंय म्हणून परत आली. दारात स्टिपेची गाडी नव्हती. घर बंद, खिडक्यांच्या काचपट्ट्या ओढून घेतलेल्या. ओट्यावर बरणी तशीच, पाणी काळं झालेलं, वर बशी. तिनं बशी उचलून पाहिली आणि परत ठेवली. गाळली मात्र नाही. खुर्ची ओढली आणि बरणीसमोर बसून राहिली. सव्वाचार तास. ती मला नंतर म्हणाली, "मी दर तासाला मनात म्हणत होते, आता अठरा झाले. आता वीस. मला वाटत होतं, घरात एवढी शांतता असते हे मला माहीतच नव्हतं. तो रोज एकटा यात बसतो."

एक वीसला गाडी आली. स्टिपे घाईघाईनं थेट स्वयंपाकघरात शिरला, हात फडक्याकडे गेलेला, आणि ती समोर.

डेल्मा उठली, त्याच्याजवळ गेली. त्याच्या निळ्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर पांढरट डाग होता, वाळून कडक झालेला. दुधाची गुळणी. तिनं नाक जवळ नेलं. आंबूस दूध आणि पावडर. एक मूल वाढवलेल्या बाईला आणखी काही लागत नाही.

"कुणाचं बाळ?" तिनं विचारलं.

स्टिपे खुर्चीत बसला. "डॅमिरचं."

"डॅमिरला बाळ झालं."

"मुलगी. सात महिन्यांची आहे."

"सात," ती म्हणाली. "सात महिने."

"मलाही उशिराच कळलं. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. लिओनी कामावर परत जातेय, दोन दिवस सकाळी बाळाला सांभाळायला कुणी नाही, येशील का म्हणाला." स्टिपे टोपी हातात फिरवत होता. "म्हणाला, एकटा ये. आईला सांगायचं नाही. सांगितलंस तर तूही येऊ नकोस."

"आणि तू कबूल झालास."

"झालो." त्यानं मान वर केली. "मला तिला घ्यायचं होतं, डेल्मा. मला दुसरं काही सुचलंच नाही."

तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"रुझा."

रुझा म्हणजे स्टिपेच्या आईचं नाव. डेल्मानं त्या बाईची शेवटची सहा वर्षं सेवा केली होती, अंथरुणातच आंघोळ घालून. ती मागच्या दारानं बाहेर आली आणि फाटकातून माझ्याकडे. माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानंच तिनं मला सगळं सांगितलं, आणि तेव्हाच, पहिल्यांदा, तीन वर्षांपूर्वीचंही.

लिओनीला तेव्हा पाचवा महिना होता आणि मूल गेलं. डेल्मा दुसऱ्याच दिवशी कोंबडीचं सूप घेऊन घाट उतरून गेली. मनात काही वाईट नव्हतं. पण लिओनी रडायची थांबेना आणि डेल्माला रडणाऱ्या माणसासमोर काय करावं ते कळत नाही. ती व्यवहाराचं बोलायला लागते. ती म्हणाली, "झालं ते एका परीनं बरंच झालं. भाड्याच्या दोन खोल्यांत कुठं वाढवणार होतात?" लिओनी उठून आत गेली. डॅमिरनं सूप न उघडता पातेलं आईच्या हातात परत दिलं आणि दार उघडून धरलं.

"मला वाटलं, धीर देतेय," डेल्मा म्हणाली. "वृद्धाश्रमात आम्ही असंच बोलतो. सुटला बिचारा, बरं झालं. लोक मान डोलावतात."

"ती म्हातारी माणसं असतात," मी म्हणाले.

"कळतंय मला आता!" ती माझ्यावर ओरडली. मग खाली बसली.

मला वाटलं होतं, घरात मोठं भांडण होईल. झालं नाही. तिनं स्टिपेला सांगितलं, तू जात राहा. तो म्हणाला, तुला कळलंय हे मी डॅमिरला सांगणार, मला आता दोन्हीकडे खोटं बोलवत नाही. मंगळवारी त्यानं सांगितलं. डॅमिर म्हणाला, गुरुवारी ये. आईबद्दल एक शब्दही नाही.

दोन आठवड्यांनी डेल्मानं रजा टाकली आणि एकटीच केर्न्सला गेली. मुलाच्या घरी नाही. लिओनी एका रोपवाटिकेत काम करते, तिथं. मी म्हटलं, फोन करून जा. ती म्हणाली, फोन केला तर नाही म्हणेल, आणि मग मला जाता येणार नाही.

लिओनी जास्वंदीच्या कुंड्यांना पाणी घालत होती. सासूला पाहिलं तरी तिनं नळी खाली ठेवली नाही.

"लिओनी, मी माफी मागायला आलेय," डेल्मा म्हणाली. घाटात तिनं बरंच काही पाठ केलं होतं. त्यातलं एवढंच उरलं.

"कशाची?"

"मी जे बोलले त्याची."

"काय बोललात? तुम्ही म्हणा. मला ऐकायचंय."

डेल्मानं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. भर उन्हात, कुंड्यांच्या मधे, एक गिऱ्हाईक खताची पिशवी घेऊन शेजारून जात असताना.

लिओनीनं पुढच्या कुंडीकडे नळी वळवली. "मला ते पाठ आहे," ती म्हणाली. "रुझा पोटात होती तेव्हा मी रोज रात्री ते ऐकायचे. मी आमच्या खोल्या मोजायचे. अजून दोनच आहेत."

"तेव्हा मी मूर्ख होते."

"हो."

"मला ती एकदा बघता येईल का?"

"नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आत्ता नाही. तुम्ही आलात, ते बरं केलंत. पण मला वेळ लागणार आहे."

"किती?"

"ते मला विचारू नका, प्लीज." मग नळी बंद करताना, पाठ वळवून, ती म्हणाली, "बाबांनी तुम्हाला तिच्याबद्दल सांगितलं तर माझी हरकत नाही. फोटो नको. सांगू देत."

डेल्मा परतीच्या वाटेवर घाटात कुठेही थांबली नाही. घरी आल्यावर मात्र गाडीतून उतरायला तिला अर्धा तास लागला. मी खिडकीतून पाहत होते. जावं की न जावं ते मला कळेना, आणि शेवटी मी गेले नाही. काही वेळा माणसाला शेजारीण नको असते.

त्यानंतर त्या घरात कॉफीचा नेम बदलला. सोमवारी आणि बुधवारी ती बरणी ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवते. थंडीत कॉफी सावकाश उतरते. ओट्यावर सोळा तासांत जे होतं त्याला आत बावीस लागतात. स्टिपे दीडला येतो, सावकाश हात धुतो आणि गाळतो. लाकडाची चव गेली. मला विचाराल तर पूर्वीपेक्षा चांगली लागते.

पावणेतीनला डेल्मा येते. मंगळवार-गुरुवारी मी हल्ली हाक आली तरी थोडी उशिरा जाते. कुंपणापलीकडून आवाज येतो.

"आज काय केलं तिनं?"

"बसली. उशीशिवाय."

"किती वेळ?"

"मोजलं नाही. मग पडली एका बाजूला."

"रडली?"

"नाही. हसली."

"केस कसे आहेत?" हे ती दर वेळी विचारते.

"आहेत थोडे."

"कसले थोडे? रंग सांग, रंग."

"अगं, भुरे. सांगितलं ना परवा."

स्टिपेला वर्णन करता येत नाही. यंत्राचा कुठला भाग झिजलाय ते तो तासभर सांगेल, पण बाळ म्हणजे त्याच्या लेखी बसली, पडली, हसली. डेल्मा त्याला खोदून खोदून विचारते, आणि तो दमला की ती ग्लास दोन्ही हातांत धरून समोरच्या आंब्याच्या झाडाकडे बघत बसते. त्या वेळी ती तिथं नसते. तिनं मला एकदा सांगितलं की तिला चेहरा जुळवता येत नाही. डोळे डॅमिरचे घालून पाहते, हनुवटी सासूची, पण तो चेहरा हलत नाही.

आता मे महिना आहे. मळ्यावर कॉफीची फळं लाल झालीत. रुझा सव्वा वर्षाची झाली, चालायला लागली. डेल्मानं तिला अजून पाहिलेलं नाही. डॅमिरनं एकदा फोन केला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी. दोघांनी हवेबद्दल बोलून ठेवून दिला. लिओनीकडून काही नाही.

मागच्या मंगळवारी मी गेले तेव्हा डेल्मा पायरीवर नव्हती. मागच्या अंगणात तारेवर कपडे वाळत घालत होती. म्हणजे एकच कपडा. एवढासा पिवळा मोजा, दोन चिमट्यांत.

"स्टिपेच्या खिशात आला," ती म्हणाली. "तिनं काढून फेकला, यानं उचलून खिशात टाकला आणि विसरला."

"राहू दे की तुझ्याकडे," मी म्हणाले.

"दुसरा तिकडे आहे. एकाचं काय करायचं तिनं?"

तिनं मोजा तळहातावर ताणून पाहिला. टाचेपाशी तो मळून राखाडी झाला होता. चालणाऱ्या पोराचा मोजा. तो डाग धुऊनही गेला नव्हता. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली, आणि मी आपली चिमट्यांची टोपली उगाच इकडची तिकडे केली.

गुरुवारी सकाळी, ती कामाला निघायच्या आधी, मला कुंपणापलीकडून तिचा आवाज ऐकू आला. स्टिपेला सांगत होती, "वरच्या खिशात ठेवलाय. विसरू नकोस. आणि लिओनीला म्हण, साधाच साबण वापरलाय, वास नसलेला."